भरताचं क्लब सँडविच

“कुणासाठी करताय हे, काका?” मी दुसऱ्यांदा विचारलं.

शांतवनकाकांनी तव्यावरचा तिसरा स्लाइस उलटला, बोटानं टकटक करून पाहिला आणि आधीच्या दोन्हींशेजारी भिंतीला टेकवून उभा ठेवला. भाजलेला स्लाइस आडवा ठेवला तर तो आपल्याच वाफेनं ओला होतो, हे त्यांनी मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचं, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबचं, कँटीन त्या वेळी रिकामंच असायचं. आमच्याशिवाय फक्त रेल्वेतून निवृत्त झालेले वाणी गार्डसाहेब होते, खिडकीपाशी एकट्यानंच पत्ते मांडून बसलेले. माझी शाल्मली शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती, आणि माझ्या पिशवीत तिच्या जेवणाचा थर्मास होता. वरण, भात, गाजर, सगळं मिक्सरमधून दोनदा काढलेलं आणि वर गाळणीनं गाळलेलं.

साडेतीन वर्षांच्या मुलीचं जेवण गाळायचं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी होमसायन्स शिकलेली. बालआहाराच्या पेपरात मला कॉलेजात सगळ्यांत जास्त गुण होते.

पण एप्रिलमध्ये, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, प्रसादाचा एक फुटाणा शाल्मलीच्या श्वासनळीत गेला होता. तिचे ओठ निळे पडले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही जळगाव गाठलं, तिथल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून तो बाहेर काढला. चौथ्या दिवशी पोरगी पलंगावर उड्या मारत होती. मी मात्र घरातले शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, डाळिंबं, अगदी मोहरीसुद्धा पिशवीत भरून कामाच्या बाईंना देऊन टाकली. त्या दिवसापासून तिला सगळं पातळ. आणि आमचं जेवण तिच्या नजरेला पडून तिनं मागू नये, म्हणून मी आणि प्रसन्न, माझा नवरा, स्वयंपाकघराचं दार लावून जेवायचो. आळीपाळीनं. एकजण बाहेर तिच्यापाशी, एकजण आत ओट्याशी उभं राहून. प्रसन्न रेल्वेच्या लोको शेडमधून दमून यायचा, चार घास कसेबसे गिळायचा आणि दार उघडायचा. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. आई म्हणून मला जास्त कळतं, असं त्याला वाटत असावं.

डॉक्टर दर खेपेला सांगत की गळ्यात काही दोष नाही, आता मऊ तुकडे द्या, चावू द्या. मी देऊन पाहायचे. ती तुकडा तोंडात घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि थुंकून टाकायची. नोव्हेंबरात तर पेजसुद्धा नको म्हणायला लागली. वजन दहा किलोवर येऊन अडलं, मग त्याच्याही खाली सरकलं. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी पेन खाली ठेवून सांगितलं की पुढच्या सोमवारी वजन वाढलेलं दिसलं नाही, तर तिला नाशिकला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. नळी एकदा घातली की काढताना किती दिवस लागतील, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मी सांगतेय ती दुपार गुरुवारची. सात वर्षं झाली त्याला.

इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही जायचो ते गाड्यांसाठी. आवाराच्या भिंतीपलीकडे यार्ड होतं आणि मालगाडी जाताना शाल्मलीचं तोंड आपसूक उघडायचं. त्या उघड्या तोंडात मी चमचा सारायचे. जेवण गार झालं की कँटीनमध्ये गरम पाणी मागायचे. अशी शांतवनकाकांची ओळख झाली. शांतवन साळवे, मूळचे नगरकडचे, तेव्हा सत्तरीला टेकलेले. उभा जन्म रेल्वेच्या उपाहारगृहांत गेलेला, निवृत्तीनंतर हे कँटीन सांभाळत होते. अंगावर पांढरा कोट असायचा, त्याची वरची दोन बटणं वेगवेगळ्या रंगांची.

त्यांचं क्लब सँडविच भुसावळात प्रसिद्ध होतं. कोंबडी फक्त रविवारी. मारवाडी जैन मेंबरांसाठी कांदा-बटाटा वगळून कच्च्या केळ्याच्या उकडलेल्या चकत्या. आणि थंडी पडली, बामणोदची हिरवी वांगी बाजारात आली, की खालच्या मजल्यावर चक्क भरीत. ते थरांना मजले म्हणायचे. खालचा मजला मऊ, वरचा मजला करकरीत, मधला स्लाइस दोघांचं भांडण सोडवायला.

हे सँडविच आलं कुठून, यावर काकांचं आणि गार्डसाहेबांचं रोज वाजायचं. काकांच्या उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं की हे अमेरिकेत रेल्वेत जन्मलं. तिथल्या गाड्यांना म्हणे क्लब नावाचे दुमजली डबे होते, म्हणून सँडविचही दुमजली. गार्डसाहेब म्हणायचे, साफ खोटं. ते जुगाराच्या क्लबात जन्मलं, कारण पत्ते टाकून जेवायला उठणं जुगाऱ्याच्या जिवावर येतं. एका हातात पानं, एका हातात त्रिकोण. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला रेल्वेचं कौतुक सांगू नकोस, असा त्यांचा काकांना टोमणा असायचा. एकदा दोघांनी मला पंच केलं. शिकलेल्या आहात, फोनमध्ये बघा म्हणाले. मी बघितलं. दोन्ही गोष्टी सापडल्या, शिवाय न्यूयॉर्कमधल्या एका बड्या क्लबचा स्वयंपाकी स्वतःचा हक्क सांगत होता, आणि पुरावा कशालाच धड नव्हता. मूळच्या सँडविचात डुकराचं मांस आणि कोंबडी किंवा टर्की असते, हेही मी वाचून दाखवलं. दोन स्लाइस खरे की तीन, यावरही तिकडे अजून वाद होता.

“म्हणजे आपलं भरीतही खरंच,” काका तेव्हा म्हणाले होते. “ज्यानं ज्या गावात केलं, त्या गावचं.”

तर त्या गुरुवारी. शाल्मलीनं सकाळपासून चार चमचे घेतले होते. भिंतीपाशी एक सबंध मालगाडी गेली तरी तिनं ओठ उघडले नाहीत. मी गरम पाणी मागायला आत आले, तेव्हा काकांनी पाण्याचं भांडं आचेवर ठेवायच्या ऐवजी तवा ठेवला आणि मला म्हणाले, बसा.

त्यांनी पहिल्या स्लाइसवर मोहरी फेटलेला चक्का लावला. त्यावर भरीत, सुरीच्या पाठीनं कडेपर्यंत सारखं केलेलं. एका बाजूचं भरीत त्यांनी वेगळ्या वाटीतून घेतलं. मग दुसरा स्लाइस. त्यावर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो आणि सॅलडची पानं. मग तिसरा. कडा कापल्या, चार ठिकाणी टूथपिक खोचल्या, तळहात ठेवून हलकेच दाबलं आणि सुरी दोन्ही कर्णांवरून फिरवली. चार त्रिकोण बशीत उभे राहिले.

त्या काड्या बघून मी खुर्चीवरून अर्धी उठले. काड्या आधी काढा, म्हटलं. ते बशी घेऊन आले, माझ्या मुलीसमोर ठेवतील म्हणून मी हात मध्ये घातला, तर त्यांनी बशी माझ्या पुढ्यात ठेवली.

“हे तिचं नाही, ताई. तुमचं आहे.”

मला भूक नसल्याचं मी सांगितलं.

“भूक मी विचारलीच नाही.” ते समोरच्या खुर्चीवर बसले. मेंबरांसमोर ते कधी बसत नसत. “एक विचारू? राग नका मानू. ही तुम्हाला घरी जेवताना बघते का?”

मी आधी हो म्हणाले. मग खरं काय ते सांगितलं. दार लावतो, आळीपाळीनं जेवतो, तिच्या जिवासाठीच करतो. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, आणि तोंडातून बाहेर पडताना ते मला आत असताना वाटायचं तितकं शहाणपणाचं वाटलं नाही.

“कधीपासून?”

“एप्रिलपासून.”

खिडकीपाशी गार्डसाहेबांचा हात पत्ता टाकता टाकता थांबला. काकांनी मात्र कपाळाला आठी घातली नाही. ते शाल्मलीकडे बघत होते, आणि ती, नेहमीसारखी, माझ्याकडे.

“आठ महिने,” ते म्हणाले. “लेकराच्या हिशेबी अर्धा जन्म झाला. चावतात कसं ते विसरली ती. तिला कुणी दाखवलंच नाही. आणि तुम्ही भरवता तेव्हा तुमचे ओठ असे आवळलेले असतात, जसं काही विष देताय. ती चमच्याकडे बघतच नाही, ताई. मी रोज बघतोय. ती तुमच्या तोंडाकडे बघते आणि मग ठरवते.”

मी बशी बाजूला सारली. मला नाही जमणार, म्हटलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, आणि कदाचित म्हणूनच मी बोलले. शाल्मलीला कळू नये म्हणून इतक्या हळू, की त्यांना पुढे वाकावं लागलं.

“फुटाणा मी दिला होता. माझ्या हातानं. घरी सगळ्यांना सांगितलं, तिनं ताटलीतून उचलला. प्रसन्नलाही तेच सांगितलंय. ती रडत होती, मला फोनवर बोलायचं होतं, म्हणून मी तिच्या हातात चार फुटाणे ठेवले.”

कँटीनमधला पंखा थंडीमुळे बंद होता. बाहेर यार्डात कुठेतरी डबे जोडल्याचा दणका झाला.

“बरं,” शांतवनकाका म्हणाले. “आता घास घ्या. टोस्ट मऊ पडतोय.”

मला वाटतं त्यांनी त्या क्षणी माझं सांत्वन केलं असतं, कुठल्याही आईच्या हातून होतं असं काही म्हटलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते, थर्मास उचलून घरी गेले असते आणि सोमवारी नाशिकची बॅग भरली असती. त्यांनी एका त्रिकोणातली काडी काढून कोटाच्या खिशात टाकली आणि तो माझ्या हातात दिला.

क्लब सँडविच खायचं तर तोंड फार मोठं उघडावं लागतं. चारचौघांत बाईमाणसाला संकोच वाटावा इतकं. मी उघडलं. पहिल्या घासाला वरचा टोस्ट असा मोडला की गार्डसाहेबांनी वळून पाहिलं. मग काकडी, मग अंड्याचा गुळमट मऊपणा, मग पुन्हा टोस्ट, आणि सगळ्यांत शेवटी ते भरीत, लसणाचं, हिरव्या मिरचीचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या धुराचं. नाकातून पाणी आलं. भरताचा एक गोळा खालून निसटून माझ्या हनुवटीवर आला.

शाल्मली हसली. ती त्या महिन्यात फारशी हसली नव्हती.

“आई, तुला लागलंय.”

मी पुसायला गेले तर काकांनी नुसती मान हलवली. राहू दे.

मी चावत राहिले. तिनं विचारलं, हा आवाज कुठून येतोय. टोस्टचा, मी भरल्या तोंडानं सांगितलं. ती खुर्चीवर उभी राहिली, माझ्या खांद्याला धरलं आणि आपला कान माझ्या गालाला लावला. मी दुसरा घास घेतला. ती ऐकत होती. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, आणि मी चावत होते, हळूहळू, जितका वेळ तो घास पुरवता येईल तितका पुरवून.

“कर्रम कर्रम,” ती म्हणाली. मग खाली बसली आणि बशीकडे हात केला.

काकांनी बशी फिरवली. “हा त्रिकोण तिचा. यात मिरची नाही,” म्हणाले, काडी काढली, वरचा टोस्ट थोडा दाबून चपटा केला आणि हात मागे घेतला. तेव्हा मला ती वेगळी वाटी आठवली. सँडविच माझं होतं हे खरंच, पण त्यांनी एक त्रिकोण आशेवर ठेवला होता.

“तुम्ही खात राहा,” ते मला म्हणाले. “हात असे टेबलाखाली आवळू नका. दुसरा घास घ्या. तिच्याकडे बघू नका फार.”

जगात मला तेव्हा तेवढं एकच येत होतं, तिच्याकडे बघणं. मी बशीतल्या निळ्या नक्षीकडे बघत राहिले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचे दात स्लाइसमध्ये रुतताना पाहिले. छोटा घास, उंदरानं कुरतडावा तसा. ती माझ्या जबड्याकडे बघून जबडा हलवत होती. मी वर, ती वर. मी खाली, ती खाली. मी गिळलं. तिनं गिळलं.

तिसऱ्या घासाला तिला खोकला आला.

मी उभीच राहिले. खुर्ची मागे पडली बहुतेक. बघते तर गार्डसाहेब पत्ते तसेच टाकून कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक, शाल्मलीच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून.

“मी आहे मागे,” ते म्हणाले. “गार्डला हे सगळं शिकवतात, बाई. मी दोन माणसं परत आणलीत. खोकतेय म्हणजे वारा चालू आहे. आवाज बंद झाला तर बघू.”

“बसा,” काका म्हणाले.

मी खुर्ची उचलली आणि बसले. शाल्मली खोकत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. माझ्या तोंडात अर्धा घास होता. तो चावणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम. मी चावलं. ओठ सैल सोडले आणि चावलं, आणि तिच्याकडे बघून, कसंबसं का होईना, हसले.

तिचा खोकला थांबला. टोस्टचा एक कण जिभेवर आला होता, तो तिनं बोटानं काढून निरखून पाहिला, पुन्हा तोंडात टाकला आणि चावून खाल्ला.

तिनं तो त्रिकोण संपवला. पंचवीस मिनिटं लागली. मध्ये तिनं काकांना विचारलं की हे काय आहे, आणि काकांनी सांगितलं की हे अमेरिकेच्या रेल्वेचं सँडविच. जुगाऱ्यांचं, गार्डसाहेब तिच्या डोक्यावरून म्हणाले. पोरीसमोर काय शब्द बोलता, म्हणून काकांनी त्यांना दटावलं. दोघंही तिच्याकडेच बघत होते.

त्या रात्री आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं. जेवणं झाल्यावर मी प्रसन्नला फुटाण्याचं खरं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की आधी सांगायचं होतंस, मी तुला आत एकटीला जेवू दिलं नसतं. सोमवारी काट्यावर वजन सत्तर ग्रॅमनं जास्त भरलं. सत्तर ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण तिनं डॉक्टरांसमोर बिस्किट चावून दाखवलं आणि त्यांनी नळीचा कागद फाइलमध्ये परत ठेवला. पुढच्या वर्षी काका लेकीकडे नगरला राहायला गेले. आभार मानायचे म्हणून मी दोनदा शब्द जुळवून कँटीनमध्ये गेले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला काहीतरी खायला देऊन माझं तोंड बंद केलं. म्हणून आता हे लिहून ठेवतेय.

पण त्या दुपारचं अजून थोडं सांगायचं राहिलंय.

शाल्मलीचं तोंड पुसून झालं, तेव्हा यार्डात भोंगा वाजला. काका उठले आणि तिला म्हणाले, चल, डबे मोजायचेत. तिनं त्यांचं बोट धरलं. मीही पिशवी उचलली.

“तुम्ही कुठे?” ते म्हणाले. “बशीत दोन राहिलेत. बसून खा. आम्ही भिंतीपाशी आहोत.”

एप्रिलपासून ती माझ्या नजरेआड झाली नव्हती. झोपेतसुद्धा मी हात तिच्या छातीवर ठेवून झोपायचे. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं, तर तेही चप्पल सरकवत दाराबाहेर पडत होते, कारण डबे मोजण्यात शांतवनवर त्यांचा भरवसा नव्हता.

कँटीनमध्ये मी एकटी राहिले. भिंत बघायची तर मला मान वळवून खिडकीतून वाकायला लागलं असतं. मी एक त्रिकोण उचलला. गाडी आली, काचा हादरायला लागल्या. चांगली लांबलचक मालगाडी होती. तिच्या धडधडाटात बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि मी खुर्चीवर नीट टेकून बसून जेवत होते.